ग्रिप : सहा दशकांहून अधिक काळ नांदलेले एक कोम्यूने

दिवस पहिला : ट्रॉन्डहाइम

जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागात सारी नोकरी काढलेल्या माणसाला परदेशातही डोंगर आणि धबधब्यांच्या आधी कारभाराच्या हद्दी दिसतात, हा माझा दोष मला मान्य आहे. मुलगी नोकरीनिमित्त ट्रॉन्डहाइमला असते. ऑगस्टमध्ये तिच्याकडे गेलो असताना तिच्या भिंतीवरच्या नकाशात किनाऱ्यापासून चांगल्याच अंतरावर, भर समुद्रात, शाईचा शिंतोडा उडावा तसे काही ठिपके दिसले आणि त्यांच्याशेजारी ‘ग्रिप’ असे नाव वाचले. चौकशी केल्यावर कळले की १८९७ पासून १९६३ अखेरपर्यंत हे ठिपके म्हणजे एक स्वतंत्र कोम्यूने होते आणि क्षेत्रफळ व लोकसंख्या या दोन्ही बाबतींत ते नॉर्वेतले सर्वांत लहान होते. कोम्यूने म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था. आपल्यासारखा ग्रामपंचायत आणि नगरपालिका असा भेद तिथे नाही, शहर असो वा खेडे, सगळ्यांना हाच एक शब्द. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात आणि शेजारच्या दोन गावांशी जोडून तिची गट ग्रामपंचायत करतात. अर्धा चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या या खडकांना स्वतःची पालिका का मिळाली आणि ती का गेली, हे जागेवर जाऊन पाहावे असे मनाने घेतले. मुलगी म्हणाली, “बाबा, निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी तुमची तपासणी संपत नाही.” पण तिनेच सुट्टी काढली आणि बोटीची तिकिटेही काढली.

निघण्याआधीचा दिवस ट्रॉन्डहाइममध्येच गेला आणि तो वाया गेला नाही, कारण ग्रिपचा इतिहास एका अर्थाने इथूनच सुरू होतो. ट्रॉन्डहाइमचे जुने नाव निदारोस. बाराव्या शतकाच्या मध्यापासून १५३७ च्या धर्मसुधारणेपर्यंत नॉर्वेचा आर्चबिशप इथे बसत असे आणि किनाऱ्यावरची अनेक मासेमारीची ठिकाणे त्याच्या मालकीची होती. ग्रिप त्यांपैकीच एक. कॅथेड्रलला लागून असलेला आर्चबिशपचा वाडा आता संग्रहालय झाला आहे. जाड दगडी भिंती, खोल अंगण, एका बाजूला कोठारांच्या ओळी. अंगणात उभे राहिल्यावर लक्षात आले की ज्या पैशावर हा दगड चढला त्यातला बराचसा सुक्या माशाचा पैसा होता, आणि तो मासा पकडणारी माणसे जिथे राहत होती तिथे घर बांधायला लाकूडसुद्धा बाहेरून न्यावे लागत होते. धर्मसुधारणेनंतर चर्चची ही मालमत्ता राजाकडे गेली आणि अठराव्या शतकात राजाने ग्रिप विकून टाकले. म्हणजे तिथली माणसे आधी धर्मपीठाची कुळे होती, मग राजाची, मग व्यापाऱ्यांची.

दिवस दुसरा : क्रिस्टियनसुंद

ट्रॉन्डहाइमहून क्रिस्टियनसुंदला वेगवान प्रवासी बोट साडेतीन तासांत पोहोचवते. फ्योर्डमधून बाहेर पडून ती मुख्य भूमी आणि हित्रा बेट यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून पश्चिमेला जाते. वाटेत बोट हित्राला थांबली, पुढे स्मोला बेटाच्या बाजूला थांबली. स्मोला हे आज एक कोम्यूने आहे, परंतु १९६० पूर्वी त्या परिसरात एडोय, ब्रात्वेर आणि होपेन अशी तीन होती. नॉर्वेच्या या किनाऱ्यावर जुन्या पालिकांची नावे अशी पावलोपावली भेटतात. चर्चला, शाळेला, एखाद्या धक्क्याला नाव उरते, कचेरी मात्र दुसरीकडे गेलेली असते.

क्रिस्टियनसुंद हे शहर स्वतःच बेटांवर वसलेले आहे. बंदर मध्ये आणि वस्ती भोवताली, अशी त्याची रचना. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला ‘सुंदबोट’ नावाची लहान प्रवासी नौका आहे, ती १८७६ पासून चालू आहे. दप्तरे घेतलेली मुले, सायकलवाला, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, सगळे आपल्या तरीत बसावेत तितक्या सहज तिच्यात चढतात आणि चार मिनिटांत उतरतात.

हे शहर वाढले ते क्लिपफिस्कवर. क्लिपफिस्क म्हणजे कॉड मासा चिरून, कण्याचा बराच भाग काढून, मिठात मुरवून वाळवलेला. नुसता काठ्यांवर टांगून, मीठ न लावता वाळवतात तो वेगळा, त्याला तोर्फिस्क म्हणतात, आणि या दोहोंची गल्लत केली की इथली माणसे ताबडतोब दुरुस्ती करतात. मीठ लावून मासा वाळवण्याचे तंत्र सतराव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनी इथे आणले, पुढे स्कॉटिश व्यापारी आले, आणि १७४२ मध्ये राजा सहावा क्रिस्टियन याने गावाला शहराचा दर्जा देऊन स्वतःचे नाव दिले. माल जायचा स्पेन आणि पोर्तुगालला. जुन्या गोदामातल्या संग्रहालयात ताठ वाळलेला एक अख्खा मासा हातात घ्यायला दिला. फळीसारखा कडक, पिवळसर पांढरा, बोट फिरवले की मिठाची कचकच लागते आणि वास थेट आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराचा. मासे खडकांवर पसरणे, पाऊस आला की धावत जाऊन त्यांचे ढीग रचणे आणि झाकणे, ऊन पडले की पुन्हा पसरणे, हे सारे काम मुख्यतः बायकांचे होते. बंदरावर हातात मासा धरून उभ्या असलेल्या अशाच एका बाईचा पुतळा आहे. शहराने आपल्या श्रीमंतीचे श्रेय निदान पुतळ्यात तरी योग्य ठिकाणी दिले, असे मला वाटले.

ग्रिप हे या साखळीचे समुद्राकडचे टोक होते. शहर मासा वाळवीत होते आणि विकत होते, तो पकडण्यासाठी मात्र माशाच्या शक्य तितके जवळ जाऊन राहावे लागत होते.

दिवस तिसरा : पुन्हा क्रिस्टियनसुंद

ग्रिपची बोट आज निघालीच नाही. बंदरात पाणी शांत, आकाशही बऱ्यापैकी उघडे, त्यामुळे मला हे प्रथम पटले नाही. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मुलीला समजावले की इथल्या पाण्यावरून तिथल्या पाण्याची कल्पना करता येत नाही, वायव्येचा उसळता समुद्र असला की ग्रिपच्या धक्क्याला बोट लागतच नाही. ते अंतर अवघे १४ किलोमीटर आहे. म्हणजे दिवसचे दिवस हे १४ किलोमीटर कोणालाही ओलांडता येत नसत. मला वाटते, ग्रिपला स्वतंत्र पालिका का मिळाली याचे उत्तर त्या फलकावरच होते, ज्यावर आजची फेरी रद्द असल्याचे लिहिले होते. ज्या गावाला आठवडा-आठवडा बाहेरचा माणूस येऊ शकत नाही, त्याला शाळा, गरिबांची सोय आणि कराची वसुली यांचा निर्णय आपल्यातच घ्यावा लागतो.

रिकामा दिवस मिळाला म्हणून वाचनालयात बसलो. मुलगी वाचून सांगत होती, मी टिपणे घेत होतो. नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचे कायदे १८३७ मध्ये झाले आणि पुढच्या वर्षी कोम्यूने अस्तित्वात आली. त्यांच्या हद्दी बहुतांशी चर्चच्या परगण्यांवरून आखल्या होत्या. पुढे लोकांच्या मागणीने त्यांची विभागणी होत गेली. एक डोंगर मध्ये आला, एक खाडी आडवी आली की वेगळे कोम्यूने, असे होत होत दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची संख्या साडेसातशेच्या आसपास पोहोचली. १९४६ मध्ये निकोलाइ शेइ यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. एका कोम्यूनेत निदान अडीच-तीन हजार माणसे असावीत, असा तिचा साधारण आग्रह होता. त्यामागे कारणही होते. युद्धानंतर राज्याने पालिकांवर नव्या जबाबदाऱ्या टाकल्या होत्या, सक्तीचे शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर न्यायचे ठरत होते, आणि वरच्या वर्गांसाठी शिक्षक, वर्गखोल्या, प्रयोगशाळा हे सारे शे-दीडशे माणसांच्या करातून उभे राहणे शक्य नव्हते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पालिकांची संख्या ७४४ वरून ४५४ वर आली.

कागदावर हे सारे पटण्यासारखे आहे. मी स्वतः अशा प्रस्तावांवर शेरे लिहिले आहेत, त्यामुळे शेइ समितीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरीही १ जानेवारी १९६४ रोजी शंभराच्या आसपास माणसांचे ग्रिप हजारोंच्या क्रिस्टियनसुंदमध्ये विलीन झाले, तेव्हा त्या शंभर जणांचे शहराच्या सभागृहातले वजन किती उरले असेल, हा हिशेब करायला समितीचा अहवाल लागत नाही.

दुपारी शहरातले मोठे चर्च पाहिले. एप्रिल-मे १९४० मधल्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत क्रिस्टियनसुंदचा मध्यभाग जळून गेला आणि जुने चर्चही गेले. ओड ओस्टबी या वास्तुविशारदाने बांधलेले नवे चर्च पांढरे, आत शिरताच छत वर वर चढत जाणारे, आणि समोरची अख्खी भिंत रंगीत काचांची. ते पूर्ण झाले १९६४ मध्ये, म्हणजे ग्रिप ज्या वर्षी या शहराच्या हद्दीत आले त्याच वर्षी. एकाच पालिकेला त्या वर्षी एक अगदी नवे चर्च मिळाले आणि एक साधारण पाचशे वर्षांचे.

दिवस चौथा : ग्रिप

सकाळी वारा पडला आणि बोट निघाली. बंदराच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत प्रवासी गप्पा मारीत होते. उघड्या समुद्राची पहिली लांब लाट बोटीखालून गेली आणि सगळे आपापल्या बाकांना धरून बसले. बरोबरच्या मंडळींत पाहुणे थोडे आणि सुट्टीपुरती घरे असलेले लोक जास्त होते. त्यांच्याजवळ ब्रेडच्या पिशव्या, रंगाचे डबे, एक नवी शिडी आणि कुत्रा असा ऐवज होता. अर्ध्या तासाने समोर प्रथम दीपगृह दिसले. ब्रात्थोर्सकोलेन नावाच्या खडकावरचे हे दीपगृह १८८८ चे आहे, उंची सुमारे ४४ मीटर. बेट दिसायच्या कितीतरी आधी ते दिसते, कारण बेटाला उंचीच नाही. नंतर छपरे दिसली, आणि छपरांच्या खाली जमीन आहे हे अगदी जवळ गेल्यावर कळले.

ग्रिप म्हणजे ऐंशीच्या आसपास लहान बेटे आणि खडक, आणि त्यांतल्या ग्रिपहोल्मेन या मुख्य बेटावर सारी वस्ती. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम सात-आठ मीटर. झाड एकही नाही. विहिरीला गोडे पाणी नाही, पावसाचे पाणी छपरावरून साठवायचे. घरे इतकी खेटून की दोन घरांमधून जाताना माझे दोन्ही खांदे लाकडाला लागले. पिवळी, पांढरी, तांबडी, प्रत्येकाच्या दारात कुंडी, खिडक्यांना धुतलेले पडदे. घरे अशी दाटीने बांधण्याचे कारण जागेची टंचाई एवढेच नसावे. वारा अडवायला इथे घराशिवाय दुसरे काहीच नाही. एका घराच्या कोपऱ्याला खडकात ठोकलेली लोखंडी कडी होती आणि तिच्यातून जाड तार छपरावर गेली होती. मी बोटाने ती तार दाबून पाहिली, ती वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती.

ही काळजी उगाच नाही. १७९६ मधल्या वायव्येच्या वादळात इथली जवळजवळ शंभर घरे समुद्रात वाहून गेली. लोकांनी पुन्हा बांधली, आणि सातच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या वादळाने व भरतीने पुन्हा नासधूस केली. ऊन पडलेल्या दिवशी, हातात कॉफीचा कप घेऊन हे ऐकताना आकड्याचा नीट बोध होत नव्हता. मग मुलगी म्हणाली, “बाबा, आत्ता इथे जेवढी घरे दिसताहेत ना, ती सगळी गेली असे समजा.” मी घरे मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

चर्च बेटाच्या माथ्यावर आहे. माथा म्हणजे चार पावलांचा चढ. वादळात लोक तिथेच आसऱ्याला जमत असे सांगतात आणि जागा पाहिल्यावर ते खरे वाटते, कारण त्याहून वर जायला जागाच नाही. हे स्टाव्ह पद्धतीचे, म्हणजे कोपऱ्यांतल्या उभ्या लाकडी खांबांवर सारा भार तोललेले चर्च साधारण १४७० चे. नॉर्वेच्या पर्यटन पत्रकांवर दिसणाऱ्या, ड्रॅगनची तोंडे असलेल्या बहुमजली स्टाव्ह चर्चांशी त्याचे काहीच साम्य नाही. फळ्यांच्या भिंती, उतरते छप्पर आणि वर लहानसे टोक, एवढेच. दारातून वाकून आत गेलो. आत डांबर आणि जुन्या लाकडाचा वास होता. डोळे अंधाराला सरावल्यावर फळ्यांवरची सतराव्या शतकातली चित्रे दिसू लागली. ती रंगाच्या थरांखाली गेली होती, १९३० च्या दशकातल्या दुरुस्तीत पुन्हा उघडी करण्यात आली.

आणि समोर, या मासेमारांच्या खोपटवजा देवळात, वेदीवर नेदरलँड्समध्ये कोरलेली दारांची पेटी. मध्ये मारिया, तिच्या एका बाजूला नॉर्वेचा संत ओलाव, दुसऱ्या बाजूला संत मार्गारेट. मूर्ती लहान आहेत, पण मारियाच्या वस्त्राच्या चुण्या आणि हाताची बोटे इतकी नाजूक कोरली आहेत की ज्याने ती कोरली त्याने असला खडक आयुष्यात पाहिला नसणार. १५१५ मध्ये हॅब्सबर्ग घराण्यातली इसाबेला, सम्राट पाचव्या चार्ल्सची बहीण, डेन्मार्क-नॉर्वेचा राजा दुसरा क्रिस्टियन याच्याकडे सासरी निघाली. वय चौदा. तिला आणायला गेलेल्यांत निदारोसचा आर्चबिशप एरिक वाल्केनडॉर्फ होता. समुद्रात वादळातून वाचल्याबद्दल तिने नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या चर्चांना अशा वेदीपेट्या दिल्या, अशी कथा आहे. लेका, रोस्ट, हाडसेल या ठिकाणी तिच्याच जातीच्या पेट्या आहेत. यात आर्चबिशपचा हात अधिक असावा, हा तर्क मला राजकन्येच्या कथेपेक्षा जवळचा वाटतो, कारण ही ठिकाणे सुक्या माशाच्या किनाऱ्यावरची आहेत आणि मासा आर्चबिशपाला लागत होता. पण चर्च दाखवणाऱ्या तरुणीने राजकन्येची कथा इतकी मन लावून सांगितली की मी माझा तर्क खिशात ठेवला. धर्मसुधारणेनंतरही नॉर्वेतल्या अनेक चर्चांमध्ये अशी संतमूर्तींची कामे राहिली, तशी ग्रिपचीही राहिली.

चर्चमधून बाहेर आलो आणि दगडावर बसून डबा खाल्ला. पालिकेचा म्हणून वेगळा काही अवशेष शोधण्याचा माझा प्रयत्न होता, पण तो फोल ठरला. शंभर-दोनशे माणसांच्या कोम्यूनेचे दप्तर कपाटात मावत असणार. इथे शाळा होती, टपाल होते, दुकान होते. हिवाळ्यात, जानेवारीपासून वसंतापर्यंत कॉड अंडी घालायला किनाऱ्याकडे येतो, त्या हंगामात बाहेरचे मासेमार येऊन बेट भरून जात असे आणि हंगाम संपला की कायमची कुटुंबे तेवढी उरत. जमीन मालकाची असलेल्या मासेमारीच्या गावांत मालकाचीच दुकानदारी चाले. घराची जागा त्याची, पीठ-मीठ त्याच्याकडून उधार, आणि मासाही त्यालाच घालायचा, तोही त्याच्या भावाने. किनारपट्टीवर या पद्धतीचा कणा मोडला तो मासेमारांच्या सहकारी विक्री संघांना पहिल्या विक्रीचा अधिकार देणाऱ्या १९३८ च्या कायद्याने. १८९७ मध्ये ग्रिपला पालिका मिळाली त्याचा अर्थ मी असा लावतो की शतकानुशतके कोणाची तरी कुळे असलेल्या माणसांना प्रथमच आपसांतून एक अध्यक्ष निवडता आला. क्षेत्रफळाच्या तक्त्यात ही गोष्ट बसत नाही.

मात्र ग्रिप ओस पडले याचा दोष सरसकट विलीनीकरणावर टाकणेही मला पटत नाही. वल्ह्यांच्या आणि शिडांच्या होड्या होत्या तोवर माशाच्या जवळ राहण्याला मोल होते, कारण शहरातून वल्हवत येऊन, मासा धरून, त्याच दिवशी परतणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी होड्यांना इंजिने बसू लागली आणि ते १४ किलोमीटर आखडले. इंजिनाच्या मोठ्या नौकेला चांगले बंदर हवे, ते शहरात होते. मुलांना वरचे शिक्षण हवे, तेही शहरात. जी होडी मासेमाराला शहरातून इथवर सहज आणू लागली, तिनेच इथे राहण्याची गरज संपवली. १९६४ मध्ये पालिका गेली आणि १९७४ पासून इथे कायमचे कोणी राहत नाही. या दोन तारखांमधली दहा वर्षे पाहून लोक पहिलीला दुसरीचे कारण समजतात. मला वाटते दोन्ही तारखा एकाच इंजिनाच्या मागून आल्या. पालिका असती तर शेवटचे कुटुंब कदाचित आणखी काही वर्षे टिकले असते, यापलीकडे माझी मजल जात नाही.

परतीच्या बोटीला वेळ होता. सकाळची शिडी एका घराला लावून एक बाई वरच्या फळीला रंग देत होत्या. मुलीने विचारले, दरवर्षी द्यावा लागतो का? त्यांनी ब्रशने समुद्राची बाजू दाखवली आणि म्हणाल्या की त्या बाजूला दरवर्षी, या बाजूला तीन वर्षांनी. त्यांची आजी इथे राहत होती. त्या स्वतः मे ते सप्टेंबरमध्ये जमेल तशा येतात.

दिवस पाचवा : आवेरोय आणि वार्डेन

सकाळी बसने शेजारच्या आवेरोय बेटावर जाऊन आलो. १९६४ च्याच पहिल्या तारखेला ब्रेम्सनेस, कोर्नस्टा आणि क्वेर्नेस ही तीन कोम्यूने एक होऊन हे आवेरोय झाले. पुढे १९८९ मध्ये खडकांवरून उड्या घेत जाणारा अटलांटिक मार्ग झाला, २००९ अखेर क्रिस्टियनसुंदकडून समुद्राच्या तळाखालून पावणेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, आणि बेट असूनही ते आता बेट राहिलेले नाही. तिथे नवी घरे बांधली जात होती आणि शाळेच्या पटांगणात मुले होती. त्याच दिवशी, त्याच धोरणाने विलीन झालेल्या दोन ठिकाणांची अशी दोन रूपे. ग्रिपपर्यंत बोगदा खणण्याचे कोणाच्या मनात येणार नाही, हे उघड आहे. पण नॉर्वेने लहान पालिका सरसकट पुसल्या असेही नाही. दक्षिणेकडे उत्सिरा नावाचे बेट आहे, तिथे दोनशेच्या आसपास माणसे राहतात आणि ते आजही स्वतंत्र कोम्यूने आहे. ग्रिप सर्वांत लहान होते तो मान आता लोकसंख्येच्या हिशेबाने त्याच्याकडे आहे.

संध्याकाळी क्रिस्टियनसुंदमधल्या वार्डेन टेकडीवर चढलो. वर जुना टेहळणीचा बुरूज आहे आणि तिथून पश्चिमेचा सारा समुद्र दिसतो. ऑगस्ट असल्यामुळे रात्र पुन्हा काळी होऊ लागली होती. मुलीने हात लांब करून दिशा दाखवली. बराच वेळ काही दिसेना, मग क्षितिजावर एक बारीक उजेड लागला, विझला, पुन्हा लागला. त्याच्या पायथ्याशी चर्च, घरे, तारांनी बांधलेली छपरे, सगळे असणार, पण पाण्याच्या वर काही दिसत नव्हते. थंडी वाजायला लागली तेव्हा आम्ही खाली उतरलो.